न उडणारा पोपट

प्रश्न: आमच्या माडावरचे राघू हाकलता हाकलता नाकी नऊ येतात, आणि मुलगा म्हणतो काकापो नावाचा पोपट उडतच नाही. खरंय का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: खरंय हो! न्यूझीलंडचा हा गलेलठ्ठ हिरवा पोपट रात्री चालत फिरतो आणि धोका दिसला की जागच्या जागी गप्प उभा राहतो, आता मांजरासमोर हे कसं चालणार सांगा. १९९५ला फक्त ५१ उरलेले. त्यांना मांजरं आणि स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) नसलेल्या बेटांवर ठेवलं, पाठीवर ट्रान्समीटर लावले, २०२२ला २५२ झाले. पण अंडी दरवर्षी नाहीत, रिमूच्या झाडाला भरपूर फळ धरणार असेल तेव्हाच, म्हणजे दोन-चार वर्षांनी, आपल्या हापूसपेक्षा लहरी कारभार!