दवाखान्याने कोणत्या समाजमाध्यमावर असावे?

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा त्वचारोगाचा छोटा दवाखाना आहे. एक परिचारिका आणि नोंदणी सांभाळणारी एक मुलगी, एवढाच कर्मचारीवर्ग. शहरातील काही डॉक्टर इन्स्टाग्रामवर उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे टाकतात. एक जाहिरात संस्था मला इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, पिंटरेस्ट आणि स्नॅपचॅट अशा पाचही ठिकाणी खाती उघडायला सांगत आहे. मी नेमके काय करावे?
— त्वचारोगतज्ज्ञ, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या मनुष्यबळात पाच खाती चालणार नाहीत, आणि वर्षभर काहीच न टाकलेले खाते पाहिले की दवाखाना बंद झाला की काय, अशी शंका लोकांना येते. एकच ठिकाण मुख्य धरावे आणि माझ्या मते ते यूट्यूब असावे. मात्र कुठे दाखवायचे हे ठरवण्याआधी काय दाखवता येते, ते पाहायला हवे.

भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचारनियम 2002 मधले, म्हणजे इन्स्टाग्राम सुरू होण्याच्या आठ वर्षे आधीचे आहेत. तरीही स्वतःचे कौशल्य, पदव्या किंवा यश यांकडे लोकांचे लक्ष वेधणारी प्रसिद्धी कोणत्याही मार्गाने करू नये, अशी त्यांची भाषा असल्यामुळे आजची समाजमाध्यमे त्यातून सुटत नाहीत. दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, रजेवर जाणे आणि परतणे, शुल्क जाहीर करणे अशा औपचारिक सूचनांना मात्र मुभा आहे. सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावाने लिहिण्यास आणि रेडिओ, दूरचित्रवाणी व ‘इंटरनेट चॅट’वर बोलण्यासही त्यात परवानगी आहे, त्या काळात एवढी दूरदृष्टी दाखवली, हेही थोडे नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये काढलेल्या नव्या नियमांत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन होते, पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित होऊन 2002 चेच पुन्हा लागू झाले. तरीही रुग्णांची छायाचित्रे आणि प्रशस्तिपत्रे टाकू नयेत, लाइक्स आणि फॉलोअर विकत घेऊ नयेत, या त्यातील अपेक्षा आपण आजच पाळाव्यात, असे मी सुचवेन.

त्वचारोगात ही अडचण अधिक टोकदार होते. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, आणि डोळ्यांवर काळी पट्टी लावली म्हणून तालुक्याच्या गावात कोणी अनोळखी राहत नाही. हातावरचे गोंदण किंवा मानेवरचा तीळ पाहूनही शेजारीण नाव सांगू शकते. लेखी संमती घेता येते हे खरे, पण टेबलापलीकडे बसलेल्या रुग्णाला आपल्या डॉक्टरांना नाही म्हणणे किती अवघड जाते, हे आपल्याला ठाऊक असेलच. शिवाय त्याने पुढे संमती मागे घेतली, तर आपण छायाचित्र काढून टाकाल, पण इतरांच्या फोनमधले स्क्रीनशॉट काढता येणार नाहीत.

आधीची आणि नंतरची छायाचित्रे वगळली की इन्स्टाग्रामचे आपल्यासाठीचे मोठे आकर्षण संपते. उरते ते समजावून सांगणे, आणि त्याला विषयांची वाण नाही. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने नायट्याची खाज तात्पुरती थांबते, पण नायटा आतून पसरत राहतो आणि त्वचा पातळ होते, हे चार मिनिटांत एका साध्या आकृतीवरून सांगता येईल. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे 2018 पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे, हेही त्यात सांगावे. कंपनीचे नाव मात्र घेऊ नये. खरूज झाली की घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. कोड स्पर्शाने पसरत नाही. बधिर असलेला फिकट चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो म्हणून तो तपासून घ्यावा. हे सारे कोणाचाही चेहरा न दाखवता सांगता येते. कोड हमखास बरे करणाऱ्या औषधाची जाहिरात मात्र 1954 च्या जादुई उपायविषयक कायद्यात बसत नाही, तेव्हा तसे शब्द चुकूनही वापरू नयेत.

असे व्हिडिओ यूट्यूबवर ठेवावेत, कारण ‘नायटा परत परत का येतो’ असे कोणी दोन वर्षांनी शोधले तरी ते सापडू शकतात. इन्स्टाग्रामवरची रील बहुधा काही दिवसांत मागे पडते. शीर्षक लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत, मराठीत द्यावे. चित्रीकरणास खिडकीचा उजेड आणि फोन पुरेसा आहे. खर्च करायचाच तर कॉलरला लावायच्या माइकवर करावा, कारण आवाज नीट नसला तर माणूस पुढे ऐकत नाही. दुवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरही ठेवावा. मुरुमांसाठी येणारी महाविद्यालयीन मुले बरीच असतील, तर त्याच व्हिडिओचा छोटा उभा भाग इन्स्टाग्रामवर टाकावा, वेगळे काही करू नये. फेसबुकचे पान वेळा आणि रजा कळवण्यापुरते ठीक आहे. पिंटरेस्ट आणि स्नॅपचॅट सोडून द्यावीत.

या सर्वांआधी गूगल नकाशावर दवाखान्याची नोंद पूर्ण करावी. ती विनामूल्य आहे. प्रतिक्रियांत कोणी फोटो पाठवून औषध विचारले, तर दवाखान्यात येण्यास सुचवणारे एकच ठरलेले उत्तर द्यावे. दूरस्थ सल्ल्यासाठी मार्च 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि नोंदी ठेवून केलेला सल्ला हा वेगळा व्यवहार आहे.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ आहे. एका आईने स्वतःहून बरे झालेल्या बाळाचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकून आमच्या दवाखान्याला टॅग केले आणि कौतुकही केले. ते आमच्या खात्यावरून पुढे शेअर करावे का?
— बालरोगतज्ज्ञ, नाशिक

उत्तर : करू नये. आईने तिच्या खात्यावर काय लिहावे हा तिचा प्रश्न आहे; तेच आपल्या खात्यावर आले की ते प्रशस्तिपत्र होते आणि बाळ आपले रुग्ण असल्याची जाहीर कबुलीही होते. ज्याचे छायाचित्र आहे, ते बाळ तर संमती देण्याच्या वयाचेही नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये टॅग केलेली छायाचित्रे आपल्या मंजुरीनंतरच दिसतील, अशी सोय आहे, ती चालू करावी. आईचे आभार पुढच्या लसीच्या वेळी समक्ष मानावेत.