घर घेताना मोजणी कोणती करावी?

भाऊ, 'मोजणी करू का' असं विचारता, पण मोजणी एकच नसते. प्लॉटसकट घर घेत असाल तर हद्द कायम मोजणी, म्हणजे प्लॉटच्या हद्दी ठरवणारी; भावाभावांच्या वाटणीतला तुकडा असेल तर पोटहिस्सा, म्हणजे प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजणारी. अर्ज भूमी अभिलेख या सरकारी खात्याकडे, आणि तो विकणाऱ्यालाच करायला लावा, कारण अजून मालक तोच आहे. भूमी अभिलेखनं प्रमाणित न केलेला खाजगी सर्वेअरचा नकाशा आपल्या समजुतीपुरता ठीक. भांडण लागलं की 'क' प्रतच, म्हणजे मोजणीनंतर भूमी अभिलेखकडून मिळणारा नकाशाच, कामी येते.

शेजाऱ्यांना नोटीस जातेच, तरी आदल्या संध्याकाळी स्वतः सांगून या. मी गेलो नव्हतो. शेजारच्या काकूंनी गेटच उघडलं नाही, अख्खा दिवस वाया.

मग आखीव पत्रिकेतलं (प्रॉपर्टी कार्डावरचं) क्षेत्र 'क' प्रतीशी ताडून बघा. गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला, प्लॉट असेल तर आधी आर.एल. पत्र, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, बघा, बाकी सगळं मागून.

मोजणीनं भिंतीची तब्येत मात्र कळत नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघालीय आणि तिच्यात रुपयाचं नाणं उभं शिरतंय, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. घराला नुकताच रंग दिला असेल, तर चीर न शोधताच बोलवा.