परतलेल्या भाजीला पाणी का सुटते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : कोबी आणि ढबू मिरची मोठ्या आचेवर परतली तरी पाणी सुटते आणि भाजी लिबलिबीत होते. गाड्यावर मिळते तशी करकरीत, किंचित धुरकट चवीची घरी का होत नाही? घरात माणसे पाच, त्यामुळे एकदम पाऊण किलो भाजी करावी लागते. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : अडचण त्या पाऊण किलोतच आहे. कोबीत शंभरातले नव्वदहून जास्त भाग पाणी असते. भाजी तापल्या कढईत पडली की ते बाहेर येऊ लागते. आल्या आल्या वाफ होऊन उडाले तर भाजी परतली जाते, तळाशी साचले तर ती शिजते. आणि पाण्याची वाफ करणे हे शेगडीसाठी भारी काम आहे. साध्या पाण्याला उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सात पट उष्णता त्या उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. कढईत पाणी आहे तोवर भाजीचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खमंग तांबूसपणा यायला १४० अंशांच्या आसपासचे तापमान हवे. गाड्यावरच्या भट्टीची आच घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते, म्हणून तिथे पाणी टिकत नाही. तसला जास्त दाबाचा रेग्युलेटर आणि बर्नर मात्र घरच्या ओट्यावर कधीही बसवू नका, जिवाशी खेळ आहे.

आच वाढवता येत नाही, तर भाजी कमी करा. २६ सेंटिमीटरच्या कढईला एका वेळी २५० ग्रॅम पुरे, म्हणजे तुमचे तीन घाणे. प्रत्येक घाण्याला तीन-चार मिनिटे लागतात; पाऊण किलो एकदम टाकून पाणी आटवत बसण्यापेक्षा वेळ जास्त जात नाही.

भाजी आधी धुवा, चाळणीत निथळा, मगच चिरा, आणि चिरलेली पंच्यावर अर्धा तास पसरून ठेवा. पावसाळ्यात तुमच्याकडे भाजी बाजारातूनच ओली येते, तेव्हा हे अजिबात टाळू नका. रिकामी लोखंडी कढई मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे तापवा. पाण्याचा थेंब टाकून बघा : जागच्या जागी फसफसला तर अजून थांबा, गोळा होऊन इकडेतिकडे पळाला तर कढई तयार आहे. मग एक मोठा चमचा रिफाइंड शेंगतेल कडेने फिरवून सोडा. घाण्याच्या तेलाला चव चांगली, पण ते लवकर धुरावते. ते साध्या परतण्याला ठेवा. लगेच भाजी टाका आणि पंधरा-वीस सेकंद हात लावू नका. तळाला थोडा तांबूसपणा धरला की उलथण्याने खालची भाजी वर आणत सतत हलवा. गाजर, बीन्स आधी, दीड मिनिटाने कोबी आणि ढबू, पात सगळ्यात शेवटी. बारीक चिरलेला लसूण सुरुवातीच्या तेलात करपून कडू होतो, तो शेवटच्या अर्ध्या मिनिटात भाजी बाजूला सारून मध्ये टाका.

कान कढईकडे असू द्या. चरचर आवाज येतोय तोवर ठीक. त्याची बुडबुड झाली की पाणी साचू लागले म्हणून समजा. अशा वेळी आच कमी करू नका, अर्धी भाजी ताटात काढा. झाकण ठेवायचे नाही. मीठ शेवटी घाला, कारण मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते. सोया सॉस २५० ग्रॅमला दोन छोटे चमचे, तोही तापलेल्या कडेवरून सोडा आणि तो धरून मिठाला हात आखडा. झालेला घाणा पातेल्यात ढीग करून ठेवला तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतो, परातीत पसरा. तिन्ही घाणे झाले की सगळे अर्धा मिनिट एकत्र परतून लगेच वाढा.

प्रश्न : 'स्टर-फ्राय'ला मराठीत परतणे म्हणावे की तळणे? शेजारी कन्नडमध्ये 'हुरियोदु' म्हणतात. (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : परतणेच. तळताना पदार्थ तेलात बुडतो, इथे तेल चमचाभरच असते. ही पद्धत चिनी, तिकडचा शब्द 'छाओ'. बुवेई यांग चाओ यांनी १९४५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाकपुस्तकात त्यासाठी 'स्टर-फ्राय' हा शब्द वापरला आणि तो इंग्रजीत रुजला. पण आपण कांदा मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परततो तेही परतणेच, म्हणून कृती लिहून देताना 'मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता' एवढे सोबत लिहा. कन्नड कृतीत 'हुरि' दिसले तर पुढचा पदार्थ बघा : रवा, शेंगदाणे असतील तर कोरडे भाजायचे आहे. कांदा-भाजी तेलावर मऊ करायची असेल तर तिकडे बहुधा 'बाडिसि' लिहितात.

प्रश्न : भेंडी परतताना तार सुटते. (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : चिरलेली भेंडी पाण्याला लागली की तार आलीच. अख्खी धुवा, एकेक पुसा, मग चिरा. पसरट कढईत एका थरात मावेल एवढीच घ्या. सुरुवातीलाच दोन-तीन आमसुले टाका, आंबटाने चिकटपणा मोडतो. मीठ अगदी शेवटी.

प्रश्न : गोबी मंचुरियनला बाहेरचा लाल रंग नको. तिखट घातले तर काळे पडते. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : रंग नकोच. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदीही घातली. लाली ब्याडगीची घ्या, झणका हवा तर एखादी संकेश्वरी सोबत. कोरडी पूड कडकडीत तेलात काही सेकंदांत जळते. त्याऐवजी पाच-सहा ब्याडग्या बिया काढून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा आणि गुळगुळीत वाटा. दीड मोठा चमचा तेलात मध्यम आचेवर हे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता. ब्याडगीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. नंतर आच मोठी करून तळलेली गोबी घाला आणि मिनिटभरात उतरवा.

प्रश्न : नव्या लोखंडी कढईत भाजी चिकटते, काळी पडते. नॉनस्टिक वापरू का? (एक वाचक, अथणी)

उत्तर : या कामाला नॉनस्टिक नको. साधारण २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप बिघडायला लागतो, आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोचते. नवी कढई साबणाने घासून आचेवर कोरडी करा, फडक्याने तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि धूर येईतो तापवा. थंड झाल्यावर पुन्हा, असे तीन-चार वेळा. तेल जाड लागले तर थर चिकट राहतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. टोमॅटो, चिंच, आमसूल या कढईत सुरुवातीचे काही आठवडे टाळा. आंबट पदार्थ लोखंड ओढून घेतात, भाजी काळी पडते ती त्यामुळेच. शिजलेली भाजीही कढईत ठेवू नका. घ्यायची अजून बाकी असेल तर घरच्या बर्नरला बिडाची बरी : तापायला वेळ लावते, पण भाजी पडल्यावर एकदम गार होत नाही. इंडक्शन असेल तर सपाट बुडाचीच घ्या, गोल बुडाची त्यावर नीट तापत नाही.