ग्रंथालयं, पुस्तकांची दुकानं आणि पुस्तकवेडी माणसं यांच्याभोवती फिरणाऱ्या चांगल्या रहस्यकादंबऱ्या कोणत्या?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मांजर, कॉफी आणि पुस्तकाचं दुकान छापाच्या मालिका वाचून कंटाळलात, आता 'खरी पुस्तकवाली' रहस्यकादंबरी हवी. मग आधी माझी चाळणी सांगतो. गोष्टीतलं पुस्तकांचं दुकान उचला आणि तिथं भांड्यांचं दुकान ठेवा. तरीही खून तसाच होतोय, खुनी तसाच सापडतोय? मग कादंबरी कितीही चांगली असो, तुमच्या यादीत नको.

या हिशेबानं पहिली बाद होते ती अगाथा ख्रिस्तीची 'द बॉडी इन द लायब्ररी' (१९४२). नावाला भुलू नका. ती लायब्ररी म्हणजे कर्नल बॅन्ट्रींच्या बंगल्यातली पुस्तकांची खोली. प्रेत दिवाणखान्यात सापडलं असतं तरी तपास लावणाऱ्या मिस मार्पल या म्हाताऱ्या बाईचं काही अडलं नसतं. लायब्ररीतलं प्रेत हा प्रकार तेव्हाच घासून गुळगुळीत झाला होता हे ख्रिस्तीबाईंनाही ठाऊक होतं, प्रस्तावनेत त्यांनी तसं म्हटलंय. वाचा जरूर, पण मिस मार्पलसाठी.

उलट रेमंड चँडलरच्या 'द बिग स्लीप'ला (१९३९) कुणी पुस्तकवाली कादंबरी म्हणत नाही, पण तिची सुरुवातीची काही पानं माझ्या चाळणीला सोळा आणे उतरतात. मार्लो हा खासगी गुप्तहेर दुर्मिळ पुस्तकांच्या दुकानात शिरतो आणि 'बेन-हर'ची १८६० सालची तिसरी आवृत्ती मागतो, पान ११६ वर एक ओळ दोनदा छापलेली. तिथली बाई म्हणते, सध्या नाही. मग तो दुसऱ्या दुकानात जाऊन तेच विचारतो. ती बाई सांगते, अशी आवृत्तीच नाही. असणार कुठून? 'बेन-हर' मुळात आलंच १८८० साली. पुढं त्याच्या हाती पहिल्या दुकानातलं एक पुस्तक लागतं, आतल्या कोऱ्या पानावर तारखांचे शिक्के. दुर्मिळ पुस्तकं कसली, अश्लील पुस्तकं भाड्यानं देणारी लायब्ररी होती ती!

तारखांच्या शिक्क्यांवरून माणूस पकडता येतो हे मला चँडलर वाचायच्या आधीच कळलं होतं.

कॉलेजात असताना बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी संध्याकाळी दोन तास देवघेव सांभाळायचो. एका पावसाळ्यात रहस्यकथांच्या कपाटात भूत शिरलं. अर्नाळकर असोत की गुरुनाथ नाईक, पुस्तकाच्या सतराव्या पानावर बारीक शिसपेन्सिलीनं खुन्याचं नाव. सतरावंच पान का, तर तिथं आमचा शिक्का असायचा. (शिक्का पहिल्या पानावर असतोच, पण आतल्या एका ठरलेल्या पानावरही मारतात. चोरानं पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू यावं म्हणून. हे पान कोणतं, ते सभासदांना सांगायचं नसतं.) त्या शिक्क्याला खेटून नाव. सभासद तावातावानं पुस्तकं आणून टेबलावर आपटायचे. ग्रंथपाल काका म्हणाले, "कोण करायलंय हे, हुडक बरं."

हुडकणं अवघड नव्हतं. प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर सभासद क्रमांक आणि तारीख असायची. नऊ पुस्तकांची कार्डं मांडून बसलो. नऊच्या नऊ कार्डांवर असलेला क्रमांक एकच निघाला. तो आमच्याच घरचा होता.

दुपारी भाकरी-कालवण आटपलं की आजी जी पुस्तकं घेऊन बसायची, ती मीच पिशवीतून आणून द्यायचो. विचारलं तर म्हणाली, "मग काय करू बाबा? सगळी पुस्तकं एकाच कापडात शिवून ठेवलीत तुमच्या सायबानं. एकच पुस्तक तीनदा घरी यायलंय. नाव लिहिलं की उघडून बघितल्याबरोबर कळतं, हे झालंय." आणि खरं होतं तिचं. बांधणीला गेलेल्या पुस्तकाचं चित्राचं मुखपृष्ठ जायचं आणि ते काळ्या कापडात परत यायचं, पाठीवर फक्त नंबर. काकांनी दुसऱ्याच दिवसापासून पाठीवर कागद डकवून नावं लिहायला घेतली. गुन्हेगाराचं नाव मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

भांड्यांच्या दुकानात हे घडणं शक्य नाही. गुन्ह्याचं कारण, पुरावा आणि पत्ता, तिन्ही पुस्तकाच्याच पोटातून निघाले. हेच सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कुणी केलं असेल तर उंबेर्तो एकोनं, 'द नेम ऑफ द रोज'मध्ये (१९८०). साल १३२७, इटलीतल्या डोंगरावरचा एक मठ, सात दिवस, आणि एकामागून एक मरणारे भिक्षू. मठातलं ग्रंथालय म्हणजे भूलभुलैया. आत जायची मुभा फक्त ग्रंथपालाला आणि त्याच्या मदतनिसाला. कुणी काय वाचायचं ते वाचकानं नाही, ग्रंथपालानं ठरवायचं. सगळं रामायण त्यातून घडतं. तपास करणाऱ्या विल्यमचं गाव बास्करव्हिल, म्हणजे 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'वाल्या शेरलॉक होम्सला रामराम. मठातला आंधळा म्हातारा होर्खे म्हणजे बोर्खेस या लेखकाला, जो दृष्टी गेलेली असताना अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक होता. पहिली शंभर पानं मात्र जड आहेत. ती कमी करा, असं एकोला सांगणारेही भेटले. त्यानं ऐकलं नाही, मठात राहायला यायचं तर मठाच्या चालीनं चाला, असं त्याचं म्हणणं. मी ती दोनदा अर्ध्यात सोडली आणि तिसऱ्या खेपेला, दिवाळीच्या सुट्टीत, चार दिवसांत संपवली. शेवट इथं सांगणार नाही. पेन्सिलवाल्या घराण्यातला असलो तरी.

कार्लोस रुइझ साफोनची 'द शॅडो ऑफ द विंड' (मूळ स्पॅनिश, २००१) एकोपेक्षा खूप सोपी आणि जरा जास्तच हळवी. १९४५ सालचं बार्सिलोना, जुनी पुस्तकं विकणारा बाप पोराला विसरलेल्या पुस्तकांच्या दफनभूमीत नेतो आणि एक पुस्तक निवडायला सांगतो. मग कळतं की त्या लेखकाची मिळतील तेवढी पुस्तकं कुणीतरी शोधून जाळतंय. मधली शंभर पानं कापली असती तर बरं झालं असतं, पण ही कल्पना डोक्यातून जात नाही. जॉन डनिंगची 'बुक्ड टू डाय' (१९९२) मला त्याहून आवडली. डेन्व्हरमधला पोलीस नोकरी सोडून पुस्तकांचं दुकान टाकतो. डनिंग स्वतः जुन्या पुस्तकांचा व्यापारी होता, त्यामुळं पहिली आवृत्ती कशी ओळखायची, कव्हर फाटलं की किंमत किती पडते, हे खुनाच्या तपासाइतकंच चवीनं येतं. रद्दीच्या दुकानात तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांनी ही सोडू नये.

खिशाला तोशीस नको असेल तर ख्रिस्टोफर मॉर्लीची 'द हाँटेड बुकशॉप' (१९१९) प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट आहे. ब्रुकलिनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कार्लाइलचं एकच पुस्तक सारखं गायब होतं आणि सारखं परत येतं. रहस्य तसं पातळ, पण दुकानदाराची बडबड झकास. माझं ऐकाल तर सुरुवात हिच्यापासून करा.

आता मराठीचं. आपली रहस्यकथा वाचनालयांनी जगवली. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, आणि विकत घेणाऱ्यांपेक्षा ती नंबर लावून वाचणारेच जास्त. पण वाचनालयात घडणारी रहस्यकथा मात्र आपल्याकडं रुजली नाही. भूक भागवायला अशोक जैनांनी मराठीत आणलेला सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा आहे. त्याला अडलं की तो पुस्तकांच्या ढिगात राहणाऱ्या सिधू ज्याठांकडं जातो. रहस्य पुस्तकांचं नसलं तरी माणूस आपल्या जातीचा आहे.

मला खरं आश्चर्य वाटतं ते आम्हा मराठवाड्यातल्या लोकांचं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, सभेला परवानगी लागायची, अशा दिवसांत मराठी वाचनालय काढणं हेच आडवळणाचं राजकारण होतं. परभणीच्या गणेश वाचनालयासारखी शंभरी ओलांडलेली वाचनालयं आमच्याकडं आहेत. एवढा ऐवज घरात असून कुणी हात लावलेला नाही. मी एक सुरुवात करून ठेवलीय: सप्टेंबर १९४८, पोलीस ॲक्शनचा, म्हणजे भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या तो आठवडा, तालुक्याचं वाचनालय. दाखल नोंदवहीत एक पुस्तक आहे, कपाटात नाही. देवघेवीच्या वहीत ते आदल्या दिवशी गेल्याची नोंद आहे, सही आहे, आणि ज्याची सही आहे तो सभासद महिन्यापूर्वीच वारलाय. पुढचं अजून सुचलेलं नाही.