आमच्या घरात तीन पिढ्या नौदलात गेल्या, तिन्ही बॉयलर रूममध्ये

तुम्ही विचारलंय की ज्यांच्या घरात नौदलाची परंपरा आहे त्यांनी नोकरीतली एखादी आठवण सांगावी, मुलानातवंडांना जी सांगता ती. माझी 15 वर्षं नौदलात गेली, 2000 साली बाहेर पडलो. पण मुलांना मी सर्वांत जास्त वेळा सांगितलेली आठवण माझी नाही, वडिलांची आहे. म्हणून तीच सांगतो.

आम्ही दापोलीकडचे. आजोबा, वडील आणि मी, तिघंही स्टोकर. म्हणजे बॉयलर रूममधली, जहाज चालवायला लागणारी वाफ तयार करणारी माणसं. बोटीवर असूनही समुद्र फार कमी बघायला मिळतो. पाण्याच्या पातळीखाली, पंचेचाळीस-पन्नास डिग्रीत चार तासांचं वॉच. डोळे गेजवर, म्हणजे वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर, आणि कान पंपांवर.

वडील 1971 मध्ये विक्रांतवर होते. ती विमानवाहू नौका सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्या बॉयलरची गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. 1970 मध्ये तिच्या बॉयलरच्या ड्रमना, म्हणजे आतल्या पाण्याच्या टाक्यांना, तडे गेलेले सापडले. वेल्डिंग करून भागण्यातले नव्हते ते. नवे ड्रम ब्रिटनकडे मागवले होते, ते यायच्या आत युद्धाचे ढग जमले. अखेर तेच बॉयलर कमी दाबावर पेटवून तिला समुद्रात काढली. वेग मर्यादित, आणि विमान उडवायचं तर डेकवर वारा मिळावा म्हणून वेगच लागतो. वर पायलट, खाली ही मंडळी, सगळ्यांचा जीव त्या तडकलेल्या ड्रमला टांगलेला.

4 डिसेंबरला तिच्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, आताच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. वडील तेव्हा खाली वॉचवर होते. त्यांनी एकही विमान उडताना पाहिलं नाही. विक्रांतचं कॅटपल्ट, म्हणजे डेकवरून विमान जोरात पुढे फेकणारं यंत्र, वाफेवर चालायचं आणि ती वाफ याच बॉयलरांतून जायची. त्यामुळे वर विमान सुटलं की खाली गेजचा काटा जरासा झुकायचा, मग ही माणसं फायर वाढवून तो परत जागेवर आणायची. वडील काट्यावरून विमानं मोजायचे. एक झुकलं, दोन झुकलं. ते म्हणायचे, "गेलेली मोजता यायची रे. परत आलेली मात्र वरून कुणी येऊन सांगेपर्यंत कळायची नाहीत." हे सांगताना ते आपलं बोट हवेत धरून काटा किती झुकायचा ते दाखवायचे. नखाएवढा.

तेव्हा मी चार वर्षांचा. आई पत्रं टाकायची ती फ्लीट मेल ऑफिस, मुंबई या पत्त्यावर. बोट कुठे आहे ते त्या पत्त्यावरून कधीच कळत नसे. आईने त्या दिवसांत रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर बसून बातम्या ऐकल्या, एवढंच ती सांगते. बाकी काही विचारलं तर उठून कामाला लागते.

आजोबांचं वेगळं होतं. ते 1942 मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत लागले. 18 फेब्रुवारी 1946 ला मुंबईत तलवार या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट जेवणावरून संप सुरू झाला आणि बघता बघता बंदरातल्या बोटींवर पसरला. आजोबांची बोट त्यातली एक. गेटवेवर मुंबईच्या लोकांनी खलाशांसाठी जेवण आणि फळं आणून दिली, हे त्यांना मरेपर्यंत विसरता आलं नाही. संप मोडल्यावर जवळजवळ पावणेपाचशे खलाशांना काढून टाकलं, त्यात आजोबाही होते. ते गावी येऊन शेती करू लागले. आणि तरीही 1962 मध्ये वडिलांनी भरतीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. दाभोळला बोट धरायला वडिलांसोबत तेच आले. पडावात बसता बसता एवढंच म्हणाले, "जहाज आता आपलं आहे." मला या एका वाक्याचा आजही अभिमान वाटतो.

मी ही विद्या शिकलो ती आधी घरी. विहिरीवरची मोटर वेगळा आवाज करायला लागली की वडील लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचे आणि मुठीचा भाग कानाला. मग म्हणायचे, "गेलंय हे." पुढे मी लिअँडर वर्गाच्या, वाफेवर चालणाऱ्या फ्रिगेट युद्धनौकेवर गेलो तेव्हा तिथल्या चीफने, म्हणजे आमच्या वरिष्ठाने, पहिल्याच आठवड्यात हेच शिकवलं आणि मला हसू आवरेना. त्यानेच दुसरीही गोष्ट शिकवली: जोराच्या दाबाची वाफ गळते ती दिसत नाही, पांढरं दिसतं ते पुढे जाऊन थंड झालेलं. शिट्टी ऐकू आली तर हात पुढे करायचा नाही, काठीला चिंधी बांधून चाचपायचं.

माझा पुतण्या आता नौदलात आहे. आत्ताची विक्रांत, 2022 मध्ये कोचीत दाखल झालेली, गॅस टर्बाइनवर चालते. तिच्यावर बॉयलरसमोर उभं राहायचं कामच नाही. तो सुट्टीवर आला की वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बसतो.

जुनी विक्रांत 1997 ला निवृत्त झाली, नंतर काही वर्षं मुंबईत संग्रहालय होती. मी वडिलांना घेऊन गेलो होतो. लोक विमानांपाशी फोटो काढत होते. वडील खाली उतरायच्या एका बंद हॅचजवळ थांबले आणि बाजूच्या लोखंडावर पंजा पसरून ठेवला. बराच वेळ तसाच. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गार पडलंय रे."