कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन सख्खी गावठी पिल्लं एकदम वाढवता येतील का?

पार्किंगमधल्या कुत्रीची दोन महिन्यांची दोन पिल्लं, एक नर आणि एक मादी, तुम्ही वर आणली आहेत. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, सासूबाई आहेत, आणि पिल्लांना एकमेकांची सोबत होईल असं तुम्हाला वाटतंय. वाढवता येतील, पण त्या सोबतीवर विसंबून नाही. सख्खी पिल्लं एकमेकांत इतकी रमतात की त्यांना माणसाचं काही पडलेलंच नसतं. मोठी झाल्यावर एकाला दवाखान्यात नेलं की दुसरं घर डोक्यावर घेतं. म्हणून पहिल्या दिवसापासून वाट्या दोन, झोपायच्या जागा दोन, आणि रोज प्रत्येकाला किमान वीस मिनिटं माणसाबरोबर एकट्याने. त्या वेळात दुसरं पिल्लू बंद खोलीत. पहिले काही दिवस ते रडेल, रडू द्या.

शी-शूसाठी ड्राय बाल्कनी उत्तम. फक्त ग्रिलच्या गजांमधून दोन महिन्यांचं पिल्लू आरामात बाहेर पडतं, त्यामुळे खालचे दोन फूट जाळी मारा आणि कपड्यांची पावडर, फिनाइल वर ठेवा. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आणि खेळ थांबला की पिल्लाला उचलून वर्तमानपत्रावर ठेवायचं. चालवत नेलंत तर वाटेतच होईल. काम झालं की तिथेच, त्याच क्षणी, चण्याएवढा चिकनचा तुकडा. आत येऊन दिलात तर त्याला वाटतं, आत आल्याचं बक्षीस मिळालं. या वयात दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त रोखून धरता येत नाही. रात्री साधारण 11, 3 आणि 6 ला उठावं लागेल. लादीवर झालं तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे सापडतं. फिनाइलने वास आपल्यापुरता जातो, कुत्र्याला तो येतच राहतो आणि जागा पक्की होते. एन्झाइमवालं क्लीनर आणा.

खाणं तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन वेळा. दोन वाट्या दोन खोल्यांत, पंधरा मिनिटांनी उचलायच्या. एकत्र वाढलंत तर दांडगं पिल्लू दोघांचं खातं आणि जुलाब कोणाला झाले तेही कळत नाही. दर रविवारी वजन करा: पिल्लाला घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. एकाचं वजन अडलं तर जंत, नाहीतर वाटीतली चोरी. दूध-पोळीवर वाढवू नका. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांचं पोट बिघडतं आणि वाढीला लागणारी प्रथिनं त्यातून पुरत नाहीत. नुसतं चिकन-भातही नको, त्यात कॅल्शियम फार कमी. पपी फूड कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून देणं सगळ्यात सोपं. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा: कांदा-लसूण, चॉकलेट, द्राक्षं आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा कुत्र्याला विषारी. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या चिरफळ्या होतात.

मुलीला पिल्लं चावणार, कारण ती पळते आणि किंचाळते; त्यांच्या लेखी तो खेळच. तिला शिकवा: हाताची घडी, झाडासारखं उभं, त्यांच्याकडे बघायचं नाही. मोठ्यांनी ओला करून गाठ मारलेला, फ्रीजरमध्ये ठेवलेला जुना टॉवेल पिल्लाच्या तोंडात द्यायचा. चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून 42 पक्के येऊ लागतात, तेव्हा पायपुसण्यांची आशा सोडा. मात्र दाताने कातडी फाटली तर तो खेळ नव्हे. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-तिखट काही लावू नका, आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. रस्त्यावरच्या कुत्रीच्या पिल्लांबाबत रेबीजची शंका गृहीतच धरायची.

पिल्लांची लस याच आठवड्यात सुरू करा: सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस, रेबीजची लस तीन महिने झाल्यावर. जंताचं औषध वजनानुसार, आणि मुलीला हात धुवायची सवय. लसी पुऱ्या होईपर्यंत सोसायटीच्या बागेत खाली ठेवू नका. पार्व्हो हा पिल्लांच्या जिवावर बेतणारा उलट्या-जुलाबांचा आजार, त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. उलट्या, खाणं बंद, रक्ताचे घाण वासाचे जुलाब, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

पण घरातही कोंडू नका. साधारण चौदा आठवड्यांपर्यंत पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींची पिल्लांना पुढे भीती कमी वाटते. पिशवीत घालून, एका वेळी एकालाच, कर्वे रोडच्या कडेला दहा मिनिटं उभं राहा. खाताना मोबाइलवर ढोल-ताशा आधी अगदी बारीक लावा आणि आवाज दिवसागणिक वाढवा. गणपती आणि दिवाळी पुण्यात कोणाला चुकत नाहीत.

नर-मादी आहेत, म्हणजे नसबंदीची तारीख आत्ताच डॉक्टरांशी ठरवा. मादी सहा महिन्यांतही माजावर येऊ शकते आणि सख्खं भावंड असलं तरी नर थांबत नाही. सोसायटीने कुरकुर केली तर सांगा, पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं भारतीय पशुकल्याण मंडळाने 2015 मध्येच कळवलंय. महापालिकेचा परवाना मात्र तुमच्याकडे हवा, प्रत्येक कुत्र्याचा वेगळा.

मजा दुप्पट आहे, यात वाद नाही. आधी पंधरा दिवस हे वेळापत्रक चालवून बघा. प्रत्येकासाठी वेगळी वीस मिनिटं निघत नसतील, तर त्यातलं एक पिल्लू आत्ताच ओळखीच्या घरी द्या. तीन महिन्यांच्या आत गावठी पिल्लाला घर मिळतं, वर्षाच्या कुत्र्याला शोधून सापडत नाही.