तुझी आग खाते काय?

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आगीच्या काल्पनिक राज्याच्या गोष्टीची वही आणि तिच्यात घडी घालून ठेवलेला नकाशा मिळाला. नकाशा आठवडाभर माझ्या टेबलावर उघडाच होता, त्यामुळे दक्षिणेकडच्या लाव्हाच्या मैदानावर कपाच्या बुडाचं एक गोल वळं उमटलं आहे. त्याबद्दल आधी माफी मागतो.

वहीतलं अकरावं पान मी तीनदा वाचलं. ती मुलगी विस्तवाचं मडकं घेऊन खिंड ओलांडते. प्रत्येक वळणावर थांबते, पण झाकण काढत नाही. हाताची मागची बाजू मडक्याच्या पोटाला लावते, धग आहे एवढी खात्री करते आणि पुढे निघते. त्या चार ओळींत मला तुझं राज्य दिसलं. उरलेल्या साठ पानांत ज्वाळा आहेत, राज्य नाही. राजवाड्याच्या भिंती पेटलेल्या, नदी पेटलेली, तलवार पेटलेली, राजाचा मुकुटसुद्धा पेटलेला! आणि इतकं सगळं जळत असताना सरपण आणायला कुणीच जात नाही.

तुझ्या वयाचा असताना मीही एक राज्य रचलं होतं. तीनशे वर्षांची वंशावळ, चार लढाया, दोन शापित सिंहासनं. एका वडीलधाऱ्या संपादकांनी ते सगळं वाचलं आणि एकच विचारलं, ‘ह्यांच्या चुली कशावर पेटतात?’ माझ्या राज्यात दगड आणि वाळूच होती. अख्ख्या वहीत एक झाड नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि वही उचलून घरी आलो. आज तोच प्रश्न तुला विचारतोय. तुझी आग खाते काय?

आपल्याकडे अग्नीचं एक नाव हुताशन, म्हणजे आहुती खाणारा. महाभारतातल्या अग्नीला नुसती भूक नाही, त्याला अपचनही होतं. श्वेतकी राजाच्या बारा वर्षं चाललेल्या यज्ञातलं तूप पिऊन त्याचं तेज गेलं, आणि त्यावर उपाय म्हणून खांडववन खायचं ठरलं. सात वेळा त्याने प्रयत्न केला. साती वेळा वनातल्या हत्तींनी आणि नागांनी पाणी ओतून त्याला विझवलं. तक्षक तिथं राहायचा आणि तक्षक इंद्राचा मित्र, म्हणून वरून पाऊसही कोसळायचा. शेवटी कृष्णार्जुनांच्या मदतीने वन जळलं. वाचले सहा जण: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्लं.

आता ह्या सहांतल्या दोघांचा माग काढ. जीव वाचवल्याच्या उपकारापोटी मयाने पांडवांना सभा बांधून दिली. त्या सभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला, हसं झालं, आणि तो सल पुढे द्यूतापर्यंत गेला. अश्वसेनाने आईच्या मृत्यूचा डूख धरला आणि कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनावर आला. एका आगीची भूक, आणि तिच्यातून एक इमारत, एक अपमान, एक सूड. इतिहास असा चालतो. तू मात्र एकोणीस राजांची यादी दिली आहेस, आणि अकराव्या राजाला नवव्याच्या जागी बसवलं तरी तुझ्या गोष्टीत काहीही बिघडत नाही. ती यादी बाजूला ठेव. तुझ्या राज्यातल्या पहिल्या मोठ्या आगीतून कोण वाचलं ते लिही, आणि त्यांच्यापैकी कोण काय विसरायला तयार नाही तेही.

नकाशाबद्दल जास्त बोलायचं आहे, कारण तो तू मनापासून काढला आहेस. ज्वालामुखीच्या उतारावरून तू पाच निळ्या नद्या सोडल्या आहेस. ताज्या लाव्हावर नद्या टिकत नाहीत. खडक भेगाळलेला असतो, पाऊस पडला की सरळ आत मुरतो. वर कोरडं रान, आणि लाव्हा जिथं संपतो तिथं काठाशी झरे. आइसलँडमध्ये ह्राउनफोसार नावाची जागा आहे, तिथं वर प्रवाह नाही, काही नाही, आणि लाव्हाच्या कडेतूनच शेकडो मीटर रुंदीवर पाण्याच्या धारा खाली नदीत पडतात. म्हणजे तुझी गावं डोंगरावर नकोत, ह्या काठाला हवीत. भांडणंही तिथंच लागतील.

माझा डाग आठवतो ना? त्या वळ्याच्या आतला कागद कोरडा राहिला आहे. हवाईत अशा जागेला किपुका म्हणतात. चहूबाजूंनी नवा लाव्हा वाहून जातो आणि मध्ये जुन्या जमिनीचा तुकडा सुटतो. त्याच्यावर जुनी झाडं, जुने पक्षी तगून राहतात, आणि आजूबाजूचा खडक मऊ झाला की बी तिथूनच पसरतं. सरपणही तिथंच मिळणार. अशा जागेवर कुणाची मालकी असेल, तिथलं झाड तोडणाऱ्याला काय शिक्षा असेल, हे मला तुझ्या वहीत वाचायचं आहे. सोन्याच्या खाणीचा तो भाग काढलास तरी चालेल.

आणखी एक जागा तुला आवडेल. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये विंगेन नावाचा डोंगर आहे. पोटात सुमारे 30 मीटर खोल कोळशाचा थर पेटलेला आहे, आणि तो अंदाजे 6,000 वर्षं जळतो आहे. आग एका जागी बसत नाही. पुढचा कोळसा खात वर्षाला साधारण एक मीटर सरकते. तुझ्या पुजाऱ्यांनी अशा धगीवर देऊळ बांधलं तर पणजोबांच्या काळी गरम असलेली फरशी आज गार लागेल. मग देऊळ हलवायचं, की आग अजून इथंच आहे म्हणून भक्तांशी खोटं बोलायचं? तुझ्या तिसऱ्या भागातल्या धर्मयुद्धाला मला कारणच सापडलं नव्हतं. हे घे.

राजकारणासाठी फार लांब जायला नको. 1669 साली सिसिलीत एट्ना ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा कातानिया शहराकडे निघाला. वाहत्या लाव्हाच्या कडा थंड होऊन त्यांच्या भिंती बनतात. शहरातली पन्नासेक माणसं अंगावर ओली कातडी पांघरून, लोखंडी पहारी घेऊन वर गेली आणि त्यांनी बाजूची भिंत फोडली. लाव्हा वळलासुद्धा, पण वळला तो पाटेर्नो गावाच्या दिशेने. पाटेर्नोची माणसं हत्यारं घेऊन धावून आली, काम बंद पाडलं, फोडलेली जागा पुन्हा बुजली आणि लाव्हा कातानियाच्या तटाला जाऊन भिडला. दोन्ही बाजूंच्या माणसांना आपापली घरं वाचवायची होती. तुझ्या गोष्टीतला काळ्या झग्यातला दुष्ट मांत्रिक ह्यांच्यासमोर अगदीच पोरकट वाटतो.

नावांचंही बघ. ज्वालागड, अंगारनगर, वन्हिपूर… पाहुण्यांनी ठेवल्यासारखी वाटतात ही नावं. आगीशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणारा माणूस दुसरंच काहीतरी बघत असतो. आइसलँडमधला हेक्ला शेकडो वर्षं आग ओकत आला आहे, पण हेक्ला म्हणजे डोक्यावरून घ्यायची आखूड खोळ. लोकांनी त्याच्या माथ्यावरचे ढग पाहिले. त्याच देशात 1783 च्या जूनमध्ये लाकी ज्वालामुखीची भेग उघडली आणि आठ महिने ओकत राहिली. हवेतलं फ्लोरिन गवतावर बसलं, ते गवत खाऊन बहुतेक मेंढरं मेली, पाठोपाठ दुष्काळ आला आणि देशातली जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. शब्दशः आगीतून फुफाट्यात. त्या काळाला तिथले लोक ‘धुक्याचे हाल’ म्हणतात. नावात आग नाहीच. तुझ्या राज्यातल्या म्हाताऱ्या बायका त्यांच्या वाईट वर्षाला काय म्हणतात?

शेवटचं, तुझ्या पवित्र अग्नीबद्दल. तो ‘अनादि काळापासून’ जळतो असं लिहून तू मोकळी झालीस. पारशी लोकांचा आतश बेहराम, म्हणजे त्यांचा सर्वांत वरच्या दर्जाचा पवित्र अग्नी, कसा घडतो ते वाच. सोळा ठिकाणचे अग्नी एकत्र करून तो प्रतिष्ठित करतात. त्यात विजेने पेटलेला असतो, चितेचा असतो, कुंभाराचा, सोनाराचा, लोहाराचा, भटारखान्याचाही असतो. इराणमधल्या यज्दचा अग्नी इसवी सन 470 च्या सुमारापासून तेवत आला आहे असं मानतात, आणि ह्या काळात त्याला जागाही बदलाव्या लागल्या. म्हणजे कुणीतरी रात्री उठून त्याला लाकूड घातलं, कुणीतरी त्याला उचलून नेलं. तुझ्या राज्यातला सर्वांत ताकदवान माणूस राजा नसेल. पहाटे तीनच्या सुमाराला जागा असलेला तो सेवक असेल, आणि त्याला एकदा तरी डुलकी लागली असेल. त्या रात्री त्याने विझलेल्या जागी कुठला विस्तव आणून ठेवला, आणि ते किती जणांना माहीत आहे?

वही परत पाठवतोय. पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्यास तरी हरकत नाही, अकराव्या पानाला मात्र हात लावू नकोस. फक्त त्या मडक्यातला निखारा कुठल्या झाडाचा आहे आणि ते झाड नकाशावर कुठं उगवतं, एवढं मला कळव. जागा सापडत नसेल तर वळ्याच्या आतला कोरडा तुकडा रिकामाच आहे.